डोक्यातला फुगा: नातेवाइकांच्या हाती असलेलं घड्याळ आणि कागद

मी सत्तावीस वर्षं न्यूरोच्या आयसीयूत काढली, त्यातली शेवटची अकरा इनचार्ज सिस्टर म्हणून. काचेच्या आतून किती नातेवाइकांना "बाहेर थांबा" म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही. गेल्या वर्षी आषाढात सख्ख्या भावासाठी मलाच काचेबाहेर थांबावं लागलं. तेव्हा लक्षात आलं, की या लोकांना जे सांगायला हवं होतं त्यातलं निम्मंसुद्धा आपण कधी सांगितलं नाही. ते आता लिहिते. ऑपरेशन सर्जन करतील, औषधं डॉक्टर ठरवतील. नातेवाइकाच्या हातात उरतात घड्याळ आणि कागद. ही दोन सांभाळली तरी पुष्कळ झालं.

पित्त म्हणायच्या आधी

दादा कराडजवळच्या गावी असतो. वय ५८. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला म्हशीची धार काढून, चरवी घेऊन उठला आणि तसाच खाली बसला. "मागून कुणी कुऱ्हाडीचा तुंबा घातला असं झालं," हे त्याचे शब्द. लगेच उलटी. आदल्या दिवशीचा उपवास, साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी. घरानं एकमुखानं निदान केलं, पित्त! वहिनीनं कोकम सरबत दिलं, गावातल्या दवाखान्यात डोकेदुखीचं इंजेक्शन मिळालं, दुपारपर्यंत उतार पडला. मान आखडली होती, ती म्हणे झोपेत अवघडली. मला कुणी फोनही केला नाही. कशाला करतील? पित्तासाठी कुणी पुण्याला फोन करत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो संडासात पडला. तेव्हा फोन आला.

पहिलं दुखणं ही सूचना होती. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं. त्यात जिथे वाहिनीला फाटा फुटतो, तिथली भिंत काही माणसांत कमकुवत होऊन बाहेर फुगते. सायकलच्या जुन्या ट्यूबला गोटी येते तशी. डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात, वॉर्डात आम्ही नुसतं 'फुगा' म्हणायचो. तो कधीकधी आधी थोडासा झिरपतो, रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात मिसळतं, मग तिथे तात्पुरती गुठळी बसते आणि माणूस शेतात कामालाही जातो. ती गुठळी केव्हा निसटेल याचा भरवसा नसतो. पुन्हा फुटण्याचा सगळ्यात मोठा धोका पहिल्या चोवीस तासांत असतो. दादाला दोन दिवस मिळाले हे त्याचं नशीब. ते दोन दिवस आम्ही वाया घालवले हे आमचं कर्म.

ओळखायचं कसं? एकच प्रश्न विचारा: दुखायला लागलं तेव्हा तू नेमकं काय करत होतास? पित्ताचं किंवा अर्धशिशीचं डोकं चढत जातं. सकाळपासून जड होतं, अकरापर्यंत ठणकायला लागलं, असं माणूस सांगतो. फुग्याचं दुखणं आल्या क्षणीच टोकाला असतं. "चरवी उचलली आणि", "शिंक आली आणि", "जोर केला आणि" असं ज्याला नेमकं बोट ठेवता येतं, त्याला सरबत देऊ नका, गाडी काढा. सोबत उलटी, मान पुढे न वाकणं, उजेड सहन न होणं, क्षणभर शुद्ध जाणं यातलं काही असेल तर शंकाच नको. आणखी एक खूण लोकांना माहीत नसते. एका डोळ्याची पापणी अचानक खाली पडली आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागली, तर फुगा न फुटता शेजारच्या नसेला दाबत असू शकतो. हे चष्म्याच्या डॉक्टरकडे पुढच्या आठवड्यात दाखवायचं काम नाही, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं.

दवाखान्यात गेल्यावर नुसतं "डोकं दुखतंय" म्हणू नका. दिवसाला पन्नास जण तेच म्हणतात. म्हणा: "आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं, क्षणात आलं, सहा वाजून दहा मिनिटांनी आलं, उलटी झाली, मान आखडली आहे." या वाक्याला डॉक्टर उठून उभा राहतो. डोक्याचा साधा सीटी स्कॅन पहिल्या सहा तासांत केला तर असं रक्त सहसा निसटत नाही. जसजसा उशीर होतो तसतसं ते फिकं पडतं. मग सीटी स्वच्छ दिसला तरी पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायला लागतं. तेव्हा डॉक्टरांनी ती तपासणी सुचवली तर "पाठीत सुई नको, पाय जातात" असं म्हणत हुज्जत घालू नका. पाय जात नाहीत.

लकवा असेल तर

लकव्याचा मामला उलटा. तिथे बहुतेक वेळा वाहिनी फुटलेली नसते, गुठळीनं तुंबलेली असते. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं जड किंवा असंबद्ध, अचानक तोल जाणं, अचानक दिसेनासं होणं, यातलं एकही पुरे. मोठी वाहिनी बंद पडली की मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात असा हिशेब आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या वाहिनीतली गुठळी मांडीतून तार घालून ओढून काढतात, ते साधारण सहा तासांत. स्कॅनमध्ये वाचण्याजोगा मेंदू दिसला तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही करतात.

हे तास मोजायचे कुठून? माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून. पहाटे पाचला उठताना हात लुळा दिसला, तर पाच ही वेळ धरत नाहीत. रात्री साडेदहाला दूध पिऊन नीट बोलत झोपला असेल, तर साडेदहा. मध्ये एकदा लघवीला उठून सुनेशी बोलला असेल तर ती वेळ, म्हणून सुनेला विचारा. आमच्याकडे सहा-सहा नातेवाईक यायचे आणि सहा वेळा सांगायचे. एकानं कागदावर लिहून आणलेली वेळ म्हणजे अर्धं काम.

तोवर पाणी, चहा, औषध काहीही तोंडात घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका. हृदयाला चालते म्हणून अ‍ॅस्पिरिन देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर तेच अंगावर येईल, आणि रक्तस्राव की गुठळी हे सीटीशिवाय कुणालाही कळत नाही, मलाही सत्तावीस वर्षांनी कळत नाही. तेलानं चोळत बसू नका. आणि कबुतराचं रक्त लावणाऱ्याकडे नेऊ नका. हसू नका, आमच्याकडे बोटांना ते रक्त वाळलेलं असलेले पेशंट यायचे, चांगल्या शिकलेल्या घरातले.

वाटेत

१०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल आणि स्वतःची गाडी दारात असेल तर निघा, पण एकानं मागे पेशंटजवळ बसायचं. उलटी होत असेल तर कुशीवर, नाहीतर डोक्याकडची बाजू थोडी वर. कवळी, नथ, बांगड्या घरीच काढा. कोणत्या हॉस्पिटलला जायचं ते ठरवताना "जवळचं कुठलं" याआधी "रात्री सीटी चालू कुठे" हे विचारा. जाताना फोन करून तीन गोष्टी विचारायच्या: सीटी आत्ता होईल का, गुठळीचं इंजेक्शन आहे का, न्यूरोसर्जन आहेत की बोलवावे लागतात. ही माहिती आज, घरात सगळे धडधाकट असताना काढून फ्रिजवर चिकटवून ठेवलेली बरी.

आता कागद. चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत टाका, रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती वेगळी दाखवा. आधारकार्ड, रेशनकार्ड घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसणाऱ्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा टेबल असतो. पेशंट आत गेल्याबरोबर घरातल्या एकानं तिथे उभं राहायचं, बिल झाल्यावर नाही. या हॉस्पिटलला आणि या ऑपरेशनला योजना लागू आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा.

आणि सीडी. दादाचा पहिला सीटी जिथे झाला तिथे फिल्म दिली, सीडी "उद्या मिळेल" म्हणाले. मी गाडीतून फोनवर भांडले, तेव्हा वीस मिनिटांत मिळाली. सर्जनला फिल्मच्या मोबाइलवर काढलेल्या फोटोत, ज्यात ट्यूबलाइट आणि काढणाऱ्याचा अंगठा दिसतो, फुग्याची मान, म्हणजे तो वाहिनीला जोडलेला असतो तो भाग, कशी दिसणार? सीडीवर तो चित्रं पुढेमागे सरकवतो, सीटी अँजिओ, म्हणजे वाहिन्यांचा सीटी, असेल तर फुगा सगळ्या बाजूंनी फिरवून बघतो. सीडी नसेल तर तपासणी पुन्हा होते. पुन्हा पैसे, पुन्हा डाय (वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध), आणि मुख्य म्हणजे पुन्हा तास.

सर्जनसमोर बसताना

पाटी वाचताना लोकांचा गोंधळ होतो. न्यूरोलॉजिस्ट म्हणजे मेंदूचा फिजिशियन, लकव्याचं इंजेक्शन बहुधा तोच देतो. न्यूरोसर्जन कवटी उघडतो. तारेनं आतून काम करणारा कधी रेडिऑलॉजिस्ट असतो, कधी न्यूरोलॉजिस्ट, कधी न्यूरोसर्जनच. सगळे न्यूरोसर्जन सगळं करतात, पण पाठीचा मणका रोज करणारा आणि फुगे रोज करणारा यांत फरक असतो. एमसीएच ही न्यूरोसर्जरीची पदवी झाल्यावर वाहिन्यांचं वेगळं शिक्षण घेतलेले काही असतात. आपल्याकडचे पुष्कळ तरुण सर्जन त्यासाठी जपानला जाऊन येतात. तेव्हा सरळ विचारा: "डॉक्टर, वर्षाला असे किती फुगे तुमच्याकडे होतात?" मी कामावर असताना हा प्रश्न विचारणारा नातेवाईक मला आगाऊ वाटायचा. आता वाटत नाही. ज्याचा हात चालतो तो सर्जन या प्रश्नाला रागावत नाही.

दुसरा प्रश्न: क्लिप आणि कॉइल दोन्ही इथे होतं का? जिथे एकच होतं, तिथे सल्लाही एकाचाच मिळतो. यात कुणाची लबाडी असतेच असं नाही; शिंप्याकडे गेलं की तो शिवायचंच बोलणार.

क्लिप म्हणजे कवटीचा तुकडा काढून, मायक्रोस्कोपखाली मेंदूच्या घड्यांमधून वाट काढत फुग्यापर्यंत जायचं आणि त्याच्या मानेला चिमटा लावायचा. टिकल्यांच्या पाकिटात मावेल एवढा तो चिमटा, टायटॅनियमचा, वाळत घातलेल्या कपड्यांना लावतात तसा दिसणारा. १९३७ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी पहिल्यांदा असा चिमटा लावला, तेव्हा तो चांदीचा होता. कॉइल म्हणजे मांडीतून किंवा मनगटातून नळी वर नेऊन, केसासारखी प्लॅटिनमची तार फुग्यात आतून गुंडाळून भरायची, म्हणजे आत रक्त फिरायचं थांबतं. ही सुटी होणारी कॉइल इटालियन डॉक्टर ग्विदो गुग्लिएल्मी यांनी कॅलिफोर्नियात १९९०च्या सुमारास आणली. २००२ साली दोन हजारांवर रुग्णांचा मोठा अभ्यास आला. त्यात जे फुगे दोन्ही पद्धतींना योग्य होते, त्यांत कॉइलवाले वर्षभरानंतर जास्त संख्येनं स्वावलंबी निघाले. म्हणून लोक "बिनचिऱ्याचं करा" म्हणतात. पण फुगा कुठे आहे, मान अरुंद की रुंद, त्यातूनच एखादी कामाची फांदी निघते का, आत रक्ताचा गोळा साठलाय का, यावर सगळं ठरतं. कॉइलनंतर फुगा पुन्हा भरतोय का ते तपासायला परत यावं लागतं, हेही धरून चाला. कधी वाहिनीत जाळीची नळी बसवतात, तिच्यासोबत रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या अनेक महिने न चुकता घ्याव्या लागतात. घरात गोळ्या चुकवणारा माणूस असेल तर ते आधीच सांगा.

दादाच्या फुग्याची मान रुंद होती, सर्जननं कागदावर वांगं काढून दाखवलं. देठ जाड असलेलं वांगं. वहिनीला ते एका क्षणात समजलं, मला तेच तिला शब्दांत समजावून सांगायला अर्धा तास लागला असता. तुम्हीही चित्र काढून मागा. आणि अंदाजपत्रकात कॉइल असेल तर दर प्रत्येकी लिहून घ्या, कारण किती लागतील ते आत गेल्यावरच कळतं.

ऑपरेशननंतरचे चौदा दिवस

"ऑपरेशन छान झालं" हे ऐकून पाहुणे पेढे घेऊन येतात. खरी परीक्षा नंतर असते. मेंदूभोवती सांडलेलं रक्त वाहिन्यांना डिवचतं आणि त्या आकसतात. फुगा फुटल्यापासून साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात. काल बोलणारा माणूस आज गप्प होतो, हात उचलेनासा होतो. यासाठी निमोडिपिन नावाची गोळी असते: ६० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, २१ दिवस. ३० च्या गोळ्या असतील तर दिवसाला १२, एकूण २५२. त्यानं बीपी पडलं तर डॉक्टर डोस विभागून दर दोन तासांनी ३० करतात. हा निर्णय त्यांचा, पण गोळी संपत आली हे बघणं तुमचं. रविवारी रात्री संपली तर तालुक्याच्या गावात मिळेलच असं नाही.

याच काळात नर्स दर तासाला पेशंटला उठवते. डोळ्यांत बॅटरी मारते, विचारते: नाव काय, आत्ता कुठे आहात, माझी बोटं दाबा. नातेवाईक चिडतात, "सिस्टर, जरा झोपू द्या हो त्यांना." मी हे वाक्य इतकं ऐकलंय की झोपेतही उत्तर देईन. ती छळत नसते. वाहिनी आकसतेय हे स्कॅनआधी तिला कळतं, त्या दाबलेल्या बोटांतून. भेटीच्या वेळेत तुम्हीही तेच करा, आणि त्याच्या रोजच्या आयुष्यातलं विचारा. परक्याला न दिसणारा फरक घरच्याला दिसतो.

दादाला सातव्या दिवशी मी विचारलं, "काल काय केलंस?" तो शांतपणे म्हणाला, "पंढरपूरला जाऊन आलो. गर्दी फार होती गं, मुखदर्शनच घेतलं." वहिनी रडायला लागली, वेड लागलं म्हणून. त्याचा फुगा मेंदूच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंच्या वाहिन्यांना जोडणाऱ्या छोट्या वाहिनीवर होता. तिथे दुखापत झाली की आठवणीत भोकं पडतात आणि मेंदू ती स्वतःच बुजवतो. माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्याशी वाद घालू नये. "आज शुक्रवार आहे, तू दवाखान्यात आहेस" एवढं सांगून पुढे जावं. डॉक्टरांना मात्र लगेच सांगा, कारण असंच असंबद्ध बोलणं रक्तातलं सोडियम उतरल्यानं किंवा डोक्यात पाणी साठल्यानंही होतं, आणि त्या दोन्हींवर उपाय आहेत. दादाचं सोडियम खरंच उतरलेलं होतं. ते चढल्यावर पंढरपूर निम्मं कमी झालं.

एक वही करा. तारीख, वेळ, कोण डॉक्टर काय म्हणाले, कोणती तपासणी झाली. डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस ठरवा. आणि पेशंटला शौचाला जोर करावा लागू नये म्हणून पातळ औषध देतात ते "जुलाब होतील" म्हणून नाकारू नका.

घरी

दादा अठराव्या दिवशी घरी आला. गोळ्यांचे तीन दिवस बाकी होते. वहिनीनं पहाटे दोन, सहा, दहा असे सहा गजर लावले आणि एकही चुकवला नाही. क्लिपचं कार्ड मिळतं, त्यावर कंपनी आणि धातू लिहिलेला असतो. ते प्लॅस्टिकमध्ये घालून पाकिटात ठेवा, फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढे कधी एमआरआय करायचा म्हटलं की ते आधी दाखवायचं. थकवा महिनोन्‌महिने राहतो. चिडचिड वाढते, वास कमी येतो, टीव्ही सहन होत नाही. लोक म्हणतात, "आता तर बरा दिसतोस." दिसतो.

बीपीची गोळी आयुष्यभराची. बिडी बंद, कमी करणं नव्हे. फुगा होण्यात आणि फुटण्यात धूम्रपान आणि बीपी ही दोन मोठी कारणं आपल्या हातातली आहेत.

आमच्या वडिलांचं

पहिल्या भेटीत सर्जननं विचारलं, "घरात कुणी अचानक गेलंय?" मी "नाही" म्हणाले. वहिनी हळूच म्हणाली, "मामंजी?" आमचे वडील ५१व्या वर्षी भर दुपारी बांधावर डोकं धरून बसले आणि गेले. लोक उष्माघात म्हणाले, आम्हीही म्हणालो. सत्तावीस वर्षं मी हा प्रश्न इतरांना विचारत आले, आणि बांधावरचे वडील मला एकदाही आठवले नव्हते.

मोठ्या माणसांत शंभरात साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला झालं म्हणून सगळ्या आळीनं स्कॅन करायची गरज नाही. पण आईवडील-भावंडं-मुलं यांत दोघांना झालं असेल, किंवा घरात किडनीला गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल, तर तपासून घ्यावं. सापडलाच तर तो लगेच कापायला धावायचं नसतं. आकार, जागा, वय बघून पुष्कळदा नुसती नजर ठेवतात. तपासणी सोपी आहे: वाहिन्यांचा एमआरआय, सुई नाही, डाय नाही, अर्धा तास खडखडाट ऐकत पडून राहायचं.

मी दिवाळीनंतर केला. स्वच्छ निघाला, पाच वर्षांनी पुन्हा या म्हणाले. धाकट्याला तीनदा नंबर लावून दिला. पहिल्यांदा ऊसतोड होती, दुसऱ्यांदा लग्न. परवा म्हणाला, "ताई, माझं डोकं कधी दुखतच नाही." मी म्हटलं, दादाचंही दुखत नव्हतं. येत्या गुरुवारी साडेनऊचा चौथा नंबर आहे, गाडी मीच घेऊन जाणार आहे.